आधी वैद्याची नाडी

डोंगरांच्या कुशीत, अगदी उंचावर एक गाव होतं आणि त्या गावात एक वैद्यबाई राहत होती. तिथे ढगांना परकेपणा नव्हता. ते खिडकीतून आत यायचे, चुलीपाशी घटकाभर टेकायचे आणि दुसऱ्या खिडकीतून निघून जायचे. बायका स्वयंपाक करताना त्यांना हातानेच बाजूला सारायच्या.

त्या गावची एक गंमत होती. माणसाला दुःख झालं की एक छोटासा ढग त्याच्या खांद्यापाशी येऊन राही. लपवायची सोयच नव्हती. मग तो माणूस शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसे, सुपारी कातरता कातरता मनातलं बोले आणि बोलता बोलता ढग विरून जाई. कुणी एका बैठकीत मोकळा होई, तर कुणाला महिना लागे.

फक्त रुग्णशाळेतल्या तिघांना ही मुभा नव्हती. वैद्यबाई नाडी बघे, म्हातारी सुईण बाळंतपणं करी आणि हाडवैद्य निखळलेली हाडं बसवी. जुन्या गुरूंनी त्यांना नियम घालून दिला होता. आपला ढग बाहेर चपलांपाशी ठेवायचा, हसऱ्या तोंडाने आत यायचं आणि एकाने दुसऱ्याच्या चपलांकडे बघायचं नाही. गुरूंचा हेतू चांगलाच होता. आधीच कण्हणाऱ्या माणसाने वैद्याचं रडगाणं कशाला ऐकायचं? पण बाहेर ठेवलेल्या ढगाचं पुढे काय होतं, हे सांगायला गुरू विसरले.

त्या वर्षी गावात साथ आली. वैद्यबाईने जिवाचं रान केलं, पुष्कळ माणसं वाचवली, तरी अकरा गेली. रोज संध्याकाळी ती चपला घालायला बाहेर येई तेव्हा ढग आदल्या दिवसापेक्षा मोठा झालेला असे. घरी जाताना तो तिच्यापुढे चाले आणि तिला पायाखालची वाट दिसत नसे. लोक मात्र म्हणत, "वैद्यबाईंचं हसू बघितलं की अर्धा आजार पळतो." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एके सकाळी तो ढग चपलांपाशी मावेना. तो तिच्या मागोमाग आत आला आणि तिच्या खांद्यावर बसला. खोलीत एखाददुसरा ढग नेहमीच असे, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

पहिला रोगी होता देवळातला गुरव. त्याची दाढ ठणकत होती. वैद्यबाईने मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "छातीत धडधड होते. झोप लागत नाही. घास गोड लागत नाही."

गुरव गडबडला. "बाई, मी काल चार पुरणपोळ्या खाऊन आडवा झालो, तो सकाळीच उठलो. दुखतेय ती दाढ."

तिने त्याला झोपेचं चूर्ण दिलं. नंतर आलेल्या कुंभाराच्या नाडीतही तिला तीच धडधड लागली आणि त्यालाही तेच चूर्ण मिळालं. त्याच्या पायात तर नुसता काटा होता.

मग विणकराची बायको आली. तिच्या कडेवर सात वर्षांची लेक मान टाकून पडली होती. तीन दिवस पोरीला उलट्या होत होत्या. वैद्यबाईने ते इवलं मनगट बोटांत धरलं. नाडी उधळल्यासारखी पळत होती.

"अंगात उष्णता फार आहे," ती म्हणाली. "गार काढा देते. अंग थंड पाण्याने पुसून काढा."

सुईण शेजारून गरम पाण्याचा हंडा घेऊन चालली होती. सवयीने तिने पोरीच्या तळपायाला हात लावला आणि हंडा खाली ठेवला.

"बाई, पाय गार पडलेत," ती हळूच म्हणाली.

"माझ्या बोटांखाली नाडी धावतेय, सुईणबाई."

सुईणीने मग कधी कुणी केलं नव्हतं ते केलं. एका हातात पोरीचं मनगट धरलं, दुसऱ्या हातात वैद्यबाईचं. थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली. या वैद्यबाईला तिनेच जगात आणलं होतं, पण रुग्णशाळेत ती तिला कायम 'अहो' म्हणत आली होती. आज ते तिच्या लक्षात राहिलं नाही.

"अगं, धावतेय ती तुझी," ती म्हणाली. "पोरीची तर विझत चाललीय."

वैद्यबाईच्या हातात काढ्याची वाटी होती. दाराशी रोग्यांची रांग होती, समोर पोरीची आई होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. 'तुम्ही तुमची बाळंतपणं बघा' एवढं म्हटलं की भागलं असतं. नाव राहिलं असतं, पोर गेली असती. तिला भयंकर लाज वाटली. तरी तिने वाटी मोरीत उपडी केली.

"माझं चुकलं," ती पोरीच्या आईला म्हणाली. "आज माझ्या बोटांना माझ्याशिवाय काही ऐकू येत नाही. सुईणबाई, तुम्ही बघा हिला."

मग धावपळ झाली. हाडवैद्याने पोरीला घोंगडीत गुंडाळून तळपाय चोळायला घेतले. सुईण मीठ-साखरेचं कोमट पाणी चमच्या-चमच्याने पाजू लागली. वैद्यबाई कोपऱ्यात बसून राहिली. दुपारी पोरीने डोळे उघडले आणि आईला म्हणाली, "मला भात हवा." रांगेतली माणसं हसली आणि काहींनी डोळे पुसले.

पोर झोपल्यावर सुईण कोपऱ्यात आली आणि तिने पुन्हा वैद्यबाईचं मनगट धरलं.

"आता तू सांग. किती दिवस झोपली नाहीस?"

"साथ आल्यापासून," वैद्यबाई म्हणाली. "नावाड्याची दोन्ही मुलं गेली. धाकट्याने शेवटी माझं बोट धरलं होतं. त्याने ते अजून सोडलेलं नाही, सुईणबाई."

मग ती रडली. अकराही जणांविषयी बोलली, एकेकाची आठवण काढून. सुईणीने मध्ये एकही शहाणपणाचा शब्द घातला नाही, हात तेवढा धरून ठेवला. ऐकता ऐकता तिचंही मन उघडलं. तिच्या हातांत डोळे न उघडताच गेलेल्या एका बाळाचं दुःख तिने वीस वर्षं पोटात ठेवलं होतं. हाडवैद्य इतका थट्टेखोर माणूस, पण तोही जवळ येऊन गुपचूप बसला आणि थोड्या वेळाने त्यानेही आपलं मनगट पुढे केलं.

वैद्यबाईचा ढग त्या दिवशी काही विरला नाही. पण संध्याकाळी घरी जाताना त्याच्यातून वाट दिसत होती.

तेव्हापासून रुग्णशाळेत नवी रीत पडली. पहिल्या रोग्याला आत घेण्याआधी तिघं एकमेकांची नाडी बघत. ज्याची धावत असेल त्याने आधी बोलायचं. बोलूनही ती शांत झाली नाही, तर त्याने त्या दिवशी कुणाची नाडी धरायची नाही. त्याचं काम बाकीचे दोघे वाटून घेत.

एकदा परगावचा एक वाटसरू सकाळीच औषधाला आला. आतून बाईमाणसाच्या रडण्याचा आवाज ऐकून तो दचकला. ओट्यावर विणकराची बायको बसली होती. त्याने विचारलं, "आत कोण रडतंय?"

"आमच्या वैद्यबाई."

"वैद्यच रडतोय? मग त्याच्याकडून औषध कसं घ्यायचं?"

"रडून झालेल्या वैद्याकडूनच घ्यावं, दादा," ती म्हणाली. "मग त्याच्या बोटांना आपली नाडी ऐकू येते." आणि त्याला बसायला जागा करून देण्यासाठी ती थोडी सरकली.

तात्पर्य काय, तर जो साऱ्या गावाची नाडी धरतो, त्याचंही मनगट कुणीतरी धरायला हवं. आणि कुणी धरलं, तर त्याने ते सोडवून घेऊ नये.