सुलतानाने मागितलेला धूर

"घुमटावर काजळी!" सुलतान कडाडला.

मशीद नवी कोरी. भोवती मदरसा, दवाखाना, हमाम, गोरगरिबांना शिजवून घालणारा मुदपाकखाना, सगळं कसं थाटाचं! आणि घुमटाच्या पांढऱ्याशुभ्र पोटाला महिन्याभरात काळे डाग! दिवेवाला म्हातारा जकेरिया हात जोडून पुढे झाला.

"खाविंद, तेलाचे चार हजार दिवे. धूर होणारच."

"दिवा एकही कमी नको, नवा डाग एकही नको! शुक्रवारी सगळा धूर पकडून माझ्यापुढे ठेव. नाहीतर शहराबाहेर चालता हो!"

तेल जाळायचं आणि धूर नको म्हणायचं! ही अक्कल तख्तावर बसल्याशिवाय येत नाही.

जकेरियाची लेक नफीसा मुदपाकखान्यात चुलीपाशी राबायची. बापाचं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "बाबा, धुराला काय शिंगं असतात? वाट दिली की जातो बिचारा. चला, तुमचे दिवे दाखवा."

बघते तर काय, झाडून सगळ्या ज्योती मोठ्या दाराकडे माना वाकवून! म्हणजे हवेची ओढ तिकडेच. दाराच्या वर एक खोली रिकामीच पडली होती. नफीसाने मिस्तरीला गाठलं.

"काका, त्या खोलीला आतून दोन भोकं पाडा, बाहेरून एक झरोका."

"मशिदीला धुराडं? खुळी का काय तू!"

"का? तुमच्या घरी चूल नाही वाटतं?"

मिस्तरी पुटपुटत चढला. भोकं पडली, धूर मुकाट खोलीत शिरला आणि काजळी तिथल्या भिंतींना धरली. नफीसाने ती खरवडली आणि डिंकाच्या पाण्यात खलत बसली.

शुक्रवारी सुलतान आला. मान मोडेस्तोवर वर पाहिलं. नवा डाग एकही नाही!

"पण माझा धूर कुठंय?"

नफीसाने दौत पुढे केली.

"हा धूर? हा तर हलतसुद्धा नाही!"

"हुजूर, तुमच्यापुढे कोण हलतं?"

दरबाऱ्यांना एकदम खोकला आला.

"ही शाई धुराचीच कशावरून?"

"बघा ना लिहून! बाबांना हाकलायचा हुकूमच लिहा. अक्षर उमटलं, तर धूर पकडला गेला, मग हुकूम रद्द. नाही उमटलं, तर हुकूमच झाला नाही!"

सुलतानाने बोरू बुडवला. कागदाजवळ नेला. तिथेच थांबला. आणि असा हसला, असा हसला, की पागोटं कानावर आलं!

मग त्याच काळ्याभोर शाईने त्याने लिहिलं, "आजपासून मदरशाला शाई याच खोलीची. दिवे बापाकडे, धूर लेकीकडे!"