दार नसलेले घरटे

त्या बाभूळबनात घरटी दोनच प्रकारची होती. काहींची दारे नदीकडे असत, काहींची डोंगराकडे. संकट येते त्या बाजूला लक्ष हवे, एवढे सर्वांना मान्य होते. ते नेमके कुठून येते, यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या भांडण होते. नदीमुखे आणि डोंगरमुखे एकाच फांदीवर बसत, पण एकमेकांकडे पाठ करून.

काडोबा नावाचा सुगरण पक्षी तिथे पिल्लांना विणकाम शिकवी. त्यातच त्याचे आयुष्य गेले होते आणि त्याला दुसरे काही नकोही होते. त्याचे स्वतःचे घरटे नदीमुखी होते. नमुना म्हणून तो तेच वर्गात टांगी.

एके दिवशी भिवाजी नावाच्या डोंगरमुख्याने पंचाकडे तक्रार नेली. "आमची रेवू घरी येऊन नदीचं गुणगान करते. हे गुरुजी पोरं बिघडवतायत. त्यांची शाळा बंद करा."

पंच म्हणजे एक बगळा. तो नदीत उभा राहून डोंगराकडे पाहत असे, म्हणून दोन्ही बाजूंचा त्याच्यावर विश्वास होता. त्याने फर्मावले, "आठ दिवसांत असा नमुना विणा, की कुणालाच नाव ठेवता येणार नाही. नाही जमलं, तर शाळा बंद."

काडोबाला आधी संताप आला. मग त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. नदीमुखी घरट्याला तो "वा!" म्हणे, डोंगरमुखीला "बरं आहे". मागच्याच आठवड्यात रेवूने आपले दार उसवून नदीकडे फिरवले होते, आणि त्याने कारणही न विचारता तिची पाठ थोपटली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो विणायला बसला. दार नदीकडे ठेवले की डोंगरमुखे खाकरत, डोंगराकडे वळवले की नदीमुखे. दोन्हीकडे ठेवावे, तर अंडे घरंगळून जाईल. खाली ठेवले, तर कुणीतरी म्हणाले, खालून पाण्याचाच आवाज येतो. शेवटी त्याने दारच ठेवायचे नाही असे ठरवले. आतून ताणलेली वीण सफाईदार बसते, म्हणून तो नेहमी आत बसूनच विणत असे. आठव्या दिवशी त्याने शेवटची गाठ मारली.

पंचाने घरट्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मान डोलावली. भिवाजीही म्हणाला, "आता कसं! नाव ठेवायला जागा नाही."

"मी आत आहे," घरट्यातून आवाज आला.

"असू द्या," पंच म्हणाला. "शिकवायला काय हरकत आहे?"

शाळा वाचली होती. काडोबा आतूनच शिकवू लागला. "पातं असं धरा," तो म्हणे, आणि बाहेर पिल्लांना काही दिसत नसे. त्यालाही एकही चेहरा दिसत नव्हता, याचे त्याला फार वाईट वाटले.

तेवढ्यात भिंतीला चोच लावून कुणीतरी बोलले. "गुरुजी, मी रेवू. मला तुमचं पटत नाही. दार डोंगराकडेच हवं."

"मग तू फिरवलंस कशाला, बाळ?"

"तुम्ही खूश व्हावं म्हणून."

"माझं चुकलं," काडोबा म्हणाला. "आता डोंगराकडे दार का हवं, ते सांग. आणि जरा इथली वीण उसव, मला नीट ऐकू येत नाही."

रेवूने दोन पाती ओढली. भोक डोंगराच्या बाजूला पडलेले पाहताच नदीमुखी पिल्ले चिवचिवाट करत आपल्या बाजूने उसवू लागली. एकाला दोन्ही दारे चूक वाटत होती, ते तळ उसवू लागले. "सावकाश," काडोबा म्हणाला, "एकेकानं बोला." भिवाजी रागवायला पुढे झाला, पण आपली पोर गुरुजींना तावातावाने खोडून काढते आहे हे ऐकून तो तिथेच बसला, आणि थोड्या वेळाने स्वतःही भोकाशी कान नेऊ लागला. पंच काहीतरी बोलत होता, पण त्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

ऊन कलले तेव्हा त्या घरट्याची चाळण झाली होती. प्रत्येक भोकात एकेक चोच होती, सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि मधोमध काडोबा, आधी कुणाला उत्तर द्यावे ते न कळून, आनंदाने गरगर फिरत होता.