येसबा वस्तादाचा दम

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. शेवरगावात येसबा नावाचा हुतूतूचा गडी होता. त्यानं दम धरला की बैलगाडी वेशीतून निघून ओढ्यापार जायची, तरी त्याचं हुतूतू चालूच असायचं, असं म्हणतात.

खंडोबाच्या जत्रेत शेवरगाव आणि बोरदरा यांचा डाव व्हायचा. जिंकेल त्या गावानं देवाची काठी उचलायची. काठी कायम बोरदऱ्याकडं. ऐन उमेदीत येसबा एकदा परत फिरला, मधली रेघ वीतभर राहिली आणि त्याचा दम तुटला. तेव्हापासून बोरदऱ्याची माणसं त्याला बाजारात गाठून विचारायची, "काय येसबा, वीत सरली का?" ते त्याला जन्मभर टोचलं.

खेळणं सुटल्यावर तो वस्ताद झाला. शिकवण एकच, दम सोडायचा नाही. गड्यांना डोहात बुडवून तो दम वाढवायचा. सगळ्यांत पुढं त्याचा एकुलता लेक, मल्हारी.

एका जत्रेत मल्हारी चढाईला गेला. गडी शिवून परतताना रेघेपाशी बोरदऱ्याच्या सगळ्यांनी त्याला दाबला. रिवाज असा, की दम चालू आहे तोवर धरणाऱ्यानं उठायचं नाही. ढिगाखालून हुतूतू येत राहिलं. बोरदऱ्याचा म्होरक्या घाबरला. म्हणाला, "वस्ताद, पोराला दम सोडायला सांगा. आम्हाला उठता येईना."

शब्द येसबाच्या ओठावर आला होता, असं म्हणतात. मग त्याला ती वीत आठवली.

"आमच्या तालमीत ते शिकवत नाहीत," तो म्हणाला.

मल्हारीचं अंग सैल पडलं तेव्हा गडी उठले. त्याचा हात रेघेपार होता. कधीचाच गेला असेल. ढिगाखाली कुणाला दिसला नाही. ओठ मिटले होते, तरी हुतूतू दिवेलागणीपर्यंत मातीतून येत होतं, असं म्हणतात.

काठी शेवरगावाला मिळाली. येसबा ती उचलायला गेला नाही. मातीला कान लावून रेघेवरच पडून राहिला. "सोड रे, आता तरी सोड," एवढंच म्हणायचा. तिथंच संपला.

अजूनही जत्रेत गडी दाबला गेला की येसबाचं नाव घेऊन अख्खं शेवरगाव एका तोंडानं म्हणतं, "सोड, बाळा." तो सोडतो. त्याला कुणी हसत नाही. काठी बोरदऱ्याकडं जाते, आणि पोर आपल्या पायांनी घरी येतं.