वाढत्या अंगाचे हातमोजे

गाडीचे सुटे भाग एकमेकांशी भांडत असत, त्या काळची ही गोष्ट. कस्तुरी नुकतीच मोटरसायकल शिकली होती आणि तिच्या उजव्या तळहाताला फोड आले होते.

तळहाताला हँडलच्या मुठीचा संशय आला. "ही रबराची बया मला सोलतेय," तो हातमोज्याला म्हणाला.

"खरखरीत आहेच मेली," मोज्याने री ओढली.

मग तळहात मुठीला आणखीच आवळू लागला आणि फोड वाढले. शेवटी मूठ करवादली, "अरे, गळा दाबतोस माझा! आधी त्या मोज्याच्या पोटात बघ."

मोज्याच्या आत ढिल्या चामड्याची जाड चुणी गोळा झाली होती. तीच फोडावर घासत होती.

"माझ्याकडे काय बघतोस?" मोजा उसळला. "दुकानात कस्तुरीची आईच म्हणाली, 'वाढत्या अंगाचे द्या.' पोरगी नोकरीला लागली, आता तिचा हात कधी वाढायचा?"

कस्तुरीने मापाचे मोजे आणले. इतके नीट बसतात म्हणजे काहीतरी डाव असणार, असं तळहाताला वाटलंच. पण वाटेत तो आवळायचं विसरून गेला.

घर आल्यावर मुठीनेच संशयाने विचारलं, "काय रे, आज होतास ना? की मोजा एकटाच आला होता?"