बकुळा राजकन्या आणि खिडकीखालचा गबदू

या रे, सरका जवळ. पांघरूण घ्या सगळ्यांनी. आणि मधेमधे 'हूं' म्हणायचं बरं का, नाहीतर मला वाटेल झोपलात.

पोफळनगरात राज्य होतं गुणसेन राजाचं. राजा भला, राणी भली. त्यांची एकुलती एक लेक बकुळा. वय सात वर्षं. दिसायला गोड, बोलायला गोड आणि खायलाही गोडच! सकाळी शिरा, दुपारी बासुंदी, संध्याकाळी लाडू. मधेच भूक लागली तर गुळाचा खडा. भाजी म्हटली की बाईसाहेबांचं नाक असं वर जायचं, की चिमणीनं येऊन बसावं त्यावर.

राजवाड्यात स्वयंपाकाला होती तान्हूबाई. काय तिच्या हाताला चव! तिनं वांगी फोडणीला टाकली की दारावरचे शिपाई भाले भिंतीला टेकवून नुसते वास घेत उभे राहायचे. पण बकुळेला त्याचं काही नाही. ती आपली नाक मुरडून बसलेली.

राणीनं नियम घातला होता. भाजीची वाटी संपल्याशिवाय लाडू नाही. मग बकुळेनं काय करावं? तिची जेवायची जागा खिडकीपाशी. दासी पाणी आणायला वळली, की वाटीतली भाजी खिडकीबाहेर. फट्!

सोमवारी दोडका गेला. मंगळवारी मेथी गेली. बुधवारी लाल भोपळा गेला. दासी येऊन बघते तर वाटी लख्ख. राणी म्हणायची, "शहाणी गं माझी बकुळा!" आणि एकाच्या जागी दोन लाडू द्यायची.

आता त्या खिडकीखाली काय होतं? राजवाड्याची मागची बाग. बागेत उंबराचं झाड. झाडाला ढोली. आणि त्या ढोलीत राहत होता एक राक्षस.

अगं, घाबरतेस काय? केवढा होता ते तर ऐक. वाटाण्याएवढा! मुंग्यासुद्धा त्याला म्हणायच्या, 'ए, बाजूला हो, आम्हाला जायचंय.' वादळवाऱ्यात कुठल्या डोंगरावरून उडून आला होता, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. नाव त्याचं गबदू. तीन दिवसांचा उपाशी. ढोलीच्या तोंडाशी बसून रडत होता बिचारा, तेवढ्यात वरून फट्! डोक्यावर दोडका पडला. त्यानं बोट लावून चाखलं. मग हात चाटला. मग कोपर चाटलं. "अहाहा!" म्हणाला. "कुणीतरी माझ्यासाठी जेवण पाठवलं!"

मग काय, रोज दुपारी गबदू वर बघत, आ वासून बसायला लागला. आठ दिवसांत लिंबाएवढा झाला. महिन्याभरात कलिंगडाएवढा झाला. दिवाळीपर्यंत ढोलीत मावेना, म्हणून बागेमागच्या डोंगरात, घळीत जाऊन राहिला. जेवणाची वेळ झाली की दबक्या पावलांनी यायचा, झाडाआड बसायचा, जेवायचा, खिडकीला नमस्कार करायचा आणि जायचा. कुणाला त्रास नाही की काही नाही.

आणि इकडे बकुळा? बकुळा दिवसेंदिवस वाळत चालली. चार पायऱ्या चढली की धाप. लंगडी खेळायला गेली तर दुसऱ्याच उडीला खाली बसायची. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या. हसायला गेलं की दुखायचं, म्हणून तिनं हसणंच सोडून दिलं.

राजानं वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, नखं पाहिली. म्हणाले, "महाराज, हिला भाजीपाला द्या."

राणी म्हणाली, "अहो, रोज वाटीभर खाते की!"

"मग त्या भाजीत कस नाही," म्हणाले वैद्यबुवा.

झालं. राजानं तान्हूबाईला बोलावलं. "तान्हूबाई, भाजीत घालता तरी काय तुम्ही?"

"मीठ घालते, तिखट घालते, ओलं खोबरं घालते," तान्हूबाई म्हणाली. "आणि जीव ओतते, महाराज."

"मग माझी पोर वाळते कशी? उद्यापासून तुम्ही यायचं नाही."

तान्हूबाईचा चेहरा एवढासा झाला. तिनं पळी धुतली, जागेवर टांगली, पदरानं डोळे पुसले आणि निघाली. दाराआडून बकुळा सगळं बघत होती, बरं का. खरं सांगायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण मग लाडू आठवला आणि तोंड मिटलं. त्या दिवशी लाडू हातात आला, पण घशाखाली काही उतरला नाही.

लगेच नवा आचारी आला. त्याची भाजी कशी? पाण्यात पोहणारी! मीठ असलं तर तिखट नाही, तिखट असलं तर शिजलेली नाही. बकुळेनं ती खिडकीबाहेर टाकली. खालून आवाज आला, "थू!"

बकुळेला वाटलं, कावळा असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "थू थू!"

तिसऱ्या दिवशी भाजी खाली पडली आणि सगळी बाग हलली. उंबराचं झाड डुललं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीत एक भलंमोठं तोंड आलं. सुपाएवढे कान, परातीएवढे डोळे.

"बाई," गबदू म्हणाला, "आधीच्या भाजीवाल्या बाई कुठं गेल्या हो?"

बकुळा किंचाळली. दासी किंचाळल्या. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी वर पाहिलं आणि तेही किंचाळले. "राक्षस! राक्षस!" बाजार उठला. कुणी चपला टाकून पळालं, कुणी दुसऱ्याच्या चपला घालून पळालं. राजाचे शिपाई भाले घेऊन धावले, आणि मागून दहा बैल जुंपून तोफ आली.

तोफ बघून गबदूच घाबरला. मटकन खाली बसला, तर हत्तीखान्याची भिंत कोसळली. हत्ती बाहेर चरायला गेले होते म्हणून वाचले. गबदूला आणखीच भीती वाटली. तो भोकाड पसरून रडायला लागला. एकेक आसू हंड्याएवढा! गल्ल्यांतून पाणी वाहायला लागलं, त्यात बाजारातल्या टोपल्या तरंगायला लागल्या.

राजा ओरडला, "तोफ तयार करा!"

बकुळा खिडकीतून बघत होती. तिच्या लक्षात सगळं आलं. खालून 'थू' म्हणणारा हाच, आणि तिनं टाकलेली भाजी रोज खाणाराही हाच! ती ओरडली, "थांबा!" पण तिच्या आवाजात जोर कुठं होता? कुणाला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा ओरडली. तेवढ्यात नगारा वाजला. गोलंदाजानं पलिता पेटवला. मग बकुळेनं ताटातली रिकामी वाटी उचलली आणि जीव खाऊन खाली फेकली. ती वाटी घरंगळली, उडाली आणि टण्णकन आदळली कुठं? महाराजांच्याच मुकुटावर!

राजानं वर पाहिलं. नगारा थांबला, सगळं सैन्य वर बघायला लागलं.

"बाबा, त्याला मारू नका," बकुळा म्हणाली. "मी भाजी खात नव्हते. रोज खिडकीबाहेर टाकत होते. तीच तो खात होता. तान्हूबाईंनी काही केलं नाही. त्यांना घालवलं तेव्हासुद्धा मी गप्प बसले. माझं चुकलं."

गोलंदाजानं पलिता विझवला. गबदूनं नाक पुसलं.

"म्हणजे ती भाजी तुझी होती?" त्यानं हळूच विचारलं. "मला वाटलं, कुणीतरी मलाच देतंय." मग तो खाली मान घालून म्हणाला, "आम्हा राक्षसांचं असंच असतं गं. दुसऱ्याच्या वाट्याचं खाल्लं की अंग वाढतच जातं. ज्याचा वाटा त्यानं परत खायला घेतला, की मग ते उतरतं. मला तरी कुठं मोठं व्हायचंय एवढं? नीट झोपायलाही जागा मिळत नाही."

बकुळेला त्याची फार कणव आली. ती म्हणाली, "बाबा, आधी मला तान्हूबाईंकडे जायचंय."

तान्हूबाईचं गाव करंजवाडी. तीन टेकड्या ओलांडून पलीकडे. राजा म्हणाला, "पालखी काढा रे!"

"नको," बकुळा म्हणाली. "माफी मागायला पालखीतून जात नाहीत."

मग निघाली बकुळा. मागं राजा, राणी, शिपाई. आणि सगळ्यांच्या मागं, कुणी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघत बघत चालणारा गबदू.

पहिल्या टेकडीच्या पायथ्याशीच बकुळेला धाप लागली. शेजारी काकडीचा मळा होता. मळ्यातल्या बाईनं एक कोवळी काकडी तोडून दिली. "घ्या बाळ, पाणी पाणी होईल तोंडात." बकुळेनं डोळे मिटले, नाक दाबलं आणि चावा घेतला. कुडुम! तिनं एक डोळा उघडला. पुन्हा एक चावा. कुडुम! नाकावरचा हात काढला. "गार आहे गं!" म्हणाली आणि देठापर्यंत खाल्ली. मागून सुर्रकन आवाज झाला. गबदू राजवाड्याएवढा होता, तो आंब्याच्या झाडाएवढा झाला! शिपायांनी टाळ्या वाजवल्या. बकुळा पहिली टेकडी चढून उतरली.

दुसऱ्या टेकडीपाशी गाजराचं शेत. शेतकरी म्हणाला, "गाजरं हवी तेवढी घ्या, पण उपटायची ज्याची त्यानं." बकुळेनं पाला धरला. ओढते, ओढते, गाजर काही येईना. दोन्ही पाय रोवले, जोर केला, आणि गाजरासकट धप्पकन मागं पडली, ती राणीच्या मांडीत! उठली, गाजर पाटाच्या पाण्यात धुतलं आणि खाल्लं. स्वतः उपटलेलं ना, मग लागणारच गोड! मागून पुन्हा सुर्रकन. गबदू हत्तीएवढा झाला. आणि बकुळा? ती दुसरी टेकडी पळत चढली. राजालाच म्हणावं लागलं, "अगं, हळू! म्हाताऱ्या बापाचा विचार कर!"

तिसरी टेकडी मात्र उभ्या चढणीची. अर्ध्यावर गेल्यावर बकुळेचे पाय थरथरायला लागले. तिथं ना मळा, ना शेत. नुसतं एक कुंपण, आणि कुंपणावर कसला वेल? सांगा बघू.

कारल्याचा!

बकुळेनं गबदूकडे पाहिलं. गबदूनं आभाळाकडे पाहिलं. "खरं सांगू?" तो म्हणाला. "तान्हूबाईंच्या हातचं कारलं मी आवडीनं खायचो. पण कच्चं म्हणजे..."

"अर्धं तू, अर्धं मी," बकुळा म्हणाली.

दोघांनी एकदमच चावलं. मग काय ती तोंडं झाली! बकुळेचं नाक डोळ्यांत गेलं, गबदूचे कान उलटे झाले. झाडावर माकडं बसली होती, तीही तशीच तोंडं करायला लागली. एक शिपाई फिस्सकन हसला. मग सेनापती हसला. राणीला हसू आवरेना. आणि बकुळा इतकी हसली, इतकी हसली, की पोट धरून खाली बसली. किती दिवसांनी हसली होती पोर! राजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. हसून हसून बकुळेनं मागं वळून पाहिलं, तर तिच्याएवढाच एक मुलगा उभा. गोल गोल गालांचा, सुपासारख्या कानांचा. कान तेवढे जरा मोठेच राहिले बरं का त्याचे.

मग दोघं हात धरून टेकडी उतरली.

तान्हूबाई घराच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. बकुळेनं जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगबाई! राजकन्या! तीन टेकड्या चालून आलीस?"

"तान्हूबाई, भाजी मी फेकून देत होते. तुम्हाला बोल लागला तेव्हा मी दाराआड होते आणि गप्प बसले."

तान्हूबाईच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. मग राजा पुढं आला. त्यानं हात जोडले. "तान्हूबाई, मीही शहानिशा न करता तुम्हाला घालवलं. आम्हाला क्षमा करा."

तान्हूबाईनं राजाकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं, गबदूच्या कानांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उठली आणि पदर खोचला.

"आधी हातपाय धुवा सगळ्यांनी," ती म्हणाली. "उपाशी माणसाला क्षमा करायची आमच्याकडे रीत नाही."

मग चूल पेटली. मेथीची भाजी झाली, लसणाची फोडणी दिलेली. वांग्याचं भरीत झालं. गरम गरम भाकऱ्या झाल्या. अंगणात पंगत बसली, राजा आणि शिपाई एकाच ओळीत. बकुळेनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. वाटी संपली तशी ती पुढं करून म्हणाली, "तान्हूबाई, अजून आहे?"

तेव्हा कुठं तान्हूबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. "आहे गं माझे बाय," म्हणाली, "भरपूर आहे."

मग तान्हूबाई राजवाड्यात परत आली, मानानं आली. राजानं आधी हत्तीखान्याची भिंत बांधून घेतली, तेव्हा सगळे दगड गबदूनं वाहिले. तो राहिला राजवाड्यातच. रोज बकुळेच्या शेजारी त्याचं पान मांडलं जायचं. ज्याची वाटी त्याची, कुणी कुणाच्या वाटीला हात लावायचा नाही. लाडूही असायचा, नाही कशाला? पण तो शेवटी, आणि एकच. बकुळा पुढं अशी लंगडी खेळायला लागली, की सगळ्या नगरात तिला हरवेल असं कुणी उरलं नाही.

आणि कारलं? खोटं कशाला बोलू? कारलं काही तिला कधी फारसं आवडलं नाही. एकच फोड घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि खाऊन टाकायची.

अशी ती सगळी सुखानं राहिली, पोटभर जेवली आणि गाढ झोपली. आता तुमची पाळी. मिटा डोळे, मी थोपटते.