सरासरी ताशी तीस

संस्थेचे अध्यक्ष तावरेसाहेब यांच्या गाडीनं माझ्या बाकावरच्या रेवतीला शाळेसमोर उडवलं. पुढे रस्ता सुरक्षा सप्ताहात तेच पाहुणे म्हणून वर्गात आले.

"त्या दिवशी घरापासून इथवर बारा किलोमीटरला चोवीस मिनिटं लागली. सरासरी वेग किती, मुलांनो?"

"ताशी तीस!"

"शाळेसमोरच्या पाटीवरही तीसच आहे. म्हणजे चूक त्या पोरीची. उद्या यावर निबंध आणा."

दुसऱ्या दिवशी निबंध ऐकायला आलेल्या साहेबांसमोर बाईंनी नेमकं मलाच उभं केलं. मी एकच वाक्य लिहिलं होतं, तेच वाचलं: "त्यातली बारा मिनिटं साहेबांची गाडी रेल्वे फाटकात आमच्या रिक्षाशेजारी उभी होती."

सगळ्यांनी गणित पुन्हा मांडलं. उत्तर साठ आलं.

जाताना साहेबांनी गाडी अगदी सावकाश नेली. रेवती अजून कुबड्यांवर चालते.