न सुटणारी मूठ

“पण बाई, ज्या आरएनएपासून प्रथिनच बनत नाही, तो बिघडला तर बिघडला! त्याला काय एवढं भ्यायचं?”

हेरंब तावातावाने बोलत होता. गडी हुशार, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. परकारबाईंच्या प्रयोगशाळेत तो स्नायूंवर संशोधन करायचा आणि वाद घालताना हातवारे करून समोरच्याला गार करायचा. आज मात्र त्याचे दोन्ही हात खिशात होते.

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

“कोवळ्या पेशींना कोण सांगतं, आता विभागणं पुरे, एकमेकींत मिसळा आणि स्नायू व्हा?”

“प्रथिनं.”

“फक्त प्रथिनं?”

“...असे आरएनएसुद्धा. स्वतः काहीच न बनवणारे.”

“आणि असा एखादा मुका तुकडा नको तितका लांबला तर?”

“तर तो कामाची प्रथिनं धरून बसतो.”

“मग?”

“सोडत नाही.” हेरंबचा आवाज खाली आला. “स्नायू कच्चाच राहतो.”

“हात बाहेर काढ.”

त्याने उजवा हात बाहेर काढला. त्याला आई आठवली. दाराच्या कडीवर तिची मूठ अडकून बसायची आणि बाबा एकेक बोट सोडवायचे.

बाईंनी आपला हात पुढे केला.

“धर. घट्ट.”

त्याने धरला.

“आता सोड.”

...

बोटं उघडेनात.

“बाई, ओढून घ्या!” हेरंब ओरडला. “परवा शाळेच्या फाटकाशी माझ्या मुलीचा हात माझ्या मुठीत असाच अडकला. ती ओढत राहिली, घाबरून रडायला लागली. तेव्हापासून मी तिचा हात धरलेलाच नाही. आणि हे आरएनएचं दुखणं पिढीगणिक लवकर येतं, बाई... आईला पन्नाशीत आलं, मला आत्ताच. मग पोरीला...”



बाईंनी हात ओढला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

...

हळूहळू त्याची बोटं आपोआप सैल झाली. हेरंबने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि पुन्हा खिशात कोंबला.

बाईंचा हात अजून पुढेच होता.

“पुन्हा धर,” त्या म्हणाल्या.